वाऱ्याच्या दिशेने जाणारी नाव

पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. नकाशावर या रेषेवर बोट ठेवून पश्चिमेकडे जाऊ लागा. अरबी समुद्र, आफ्रिका आणि सारा अटलांटिक महासागर ओलांडला, की कॅरिबियन समुद्राच्या तोंडाशी बेटांचा एक लहानसा पुंजका लागतो. ही ब्रिटिश व्हर्जिन बेटे. त्यांतले सर्वांत मोठे बेट टोर्टोला आणि त्यावरचे मुख्य गाव रोड टाऊन. अक्षांश जवळजवळ पुण्याचाच!

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून येथे एक वेगळी सहल रुजली आहे. पाच-सहा मित्र मिळून एक शिडाची नाव आठवडाभर भाड्याने घेतात आणि पुष्कळदा नावाडी बरोबर न घेता स्वतःच ती हाकतात. अशा सहलीच्या पहिल्याच दिवशी एक प्रश्न समोर उभा राहतो. समजा, मुक्कामासाठी कूपर बेट ठरले आहे. ते रोड टाऊनच्या पूर्व-आग्नेयेला, सुमारे १२ किलोमीटरवर. आणि वारा? तोही पूर्वेकडूनच येतो आहे! वारा जिकडून येतो तिकडेच वाऱ्याच्या जोरावर जायचे कसे?

आधी हे पाहू या, की वारा पूर्वेकडूनच का येतो. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते आणि दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. तेथून ती जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे निघते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती आपल्या उजवीकडे वळते. म्हणून हे वारे ईशान्येकडून व पूर्वेकडून वाहतात. हेच व्यापारी वारे. पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांचा संबंध जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये दाखवून दिला. मग त्याच अक्षांशावरच्या पुण्यात पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून का येतो? कारण आपल्या उत्तरेला आशियाचा प्रचंड भूखंड आहे. उन्हाळ्यात तो तापतो आणि वाऱ्यांची घडीच उलटवतो. व्हर्जिन बेटांभोवती असा भूखंड नाही, म्हणून तेथे पूर्वेचा वारा बाराही महिने टिकतो.

आता शिडाकडे वळू. वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतील, “वारा शिडाला मागून ढकलतो आणि नाव पुढे जाते.” वारा पाठीमागून असेल तेव्हा हे खरे आहे. पण वारा समोरून तिरका येत असेल तर शीड ढाल राहत नाही, पंख बनते. शिडाच्या वक्र कापडावरून जाताना वाऱ्याची दिशा बदलते. शीड वाऱ्याला एका बाजूला वळवते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वारा शिडाला उलट बाजूला रेटतो.

येथे आपण शिक्षकांनी थोडे सावध राहायला हवे. पंखाचे एक स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांत आढळते. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला जास्त अंतर कापायचे असते. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी टोकाला पोचण्यासाठी ती वेगाने जाते, आणि त्यामुळे वर दाब कमी होतो. शीड पाहिले की हे स्पष्टीकरण कोसळते. शीड म्हणजे एक पातळ कापड, त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखीच! फुगीर बाजूची हवा वेगाने जाते आणि तेथे दाब कमी असतो, हे खरे आहे. पण दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी टोकाला पोचले पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात फुगीर बाजूची हवा आधीच पोचते.

एक सोपा प्रयोग करून पहा. नळाची बारीक, सरळ धार सोडा. चमचा दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत सैल लोंबकळू द्या आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. चमचा दूर ढकलला जाईल असे वाटते, पण तो धारेत ओढला जातो. धार कोणत्या बाजूला वळली आणि चमचा कोणत्या बाजूला सरकला, हे मुलांनाच पाहू द्या.

शिडावरचा रेटा मात्र थेट पुढे नसतो, बराचसा आडवा असतो. समजा, तो १०० एकक आहे आणि नावेच्या रोखाशी ७० अंशांचा कोन करतो. घटक काढले तर पुढच्या दिशेने फक्त ३४ एकक मिळतात आणि बाजूला तब्बल ९४. मग नाव आडवीच का वाहून जात नाही? कारण तिच्या तळाला पाण्यात खोल उतरलेली एक जड, उभी फळी असते. तिला कील म्हणतात. पाण्यात ही फळी पुढे सहज सरकते, आडवी सरकत नाही. आडवा रेटा पाणी पेलते आणि उरलेल्या ३४ एककांवर नाव पुढे जाते. खेळण्यातल्या गाडीवर पुठ्ठ्याचे शीड तिरके लावून ती टेबलफॅनसमोर तिरकी ठेवा. येथे कीलचे काम चाके करतात. शिडाचा कोन जमला की गाडी पंख्याकडे सरकू लागते!

तरीही अगदी समोरून वारा असेल तर शीड नुसते फडफडते. साधारणपणे वाऱ्याशी ४५ अंशांच्या आत नाव नेता येत नाही. म्हणून ती नागमोडी न्यावी लागते, काही वेळ डावीकडे तिरकी, काही वेळ उजवीकडे. वारा नेमका कूपर बेटाकडून येत असेल तर १२ किलोमीटरचे अंतर १२ × १.४१, म्हणजे जवळजवळ १७ किलोमीटर होते. ताशी ११ किलोमीटर वेगाने त्याला दीड तासाहून अधिक लागतो. अंधारापूर्वी मुक्कामी पोचायचे असेल तर हा गुणाकार निघण्यापूर्वीच करावा लागतो.

आणखी एक हिशेब तर सुरक्षिततेचाच आहे. वाऱ्याचा वेग १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) आणि नावेचा ६ नॉट आहे असे धरा. वारा पाठीमागून घेतला तर नावेवर तो १५ – ६ = ९ नॉटच जाणवतो. ऊन छान, झुळूक मंद, सारे मजेत! आता नाव वळवून ४५ अंशांवर वाऱ्याकडे नेली, तर दोन्ही वेगांची सदिश बेरीज होऊन तोच वारा सुमारे २० नॉट जाणवतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ पाचपट. वारा वाढलेला नसतो, वळलेली असते ती नाव. नवख्यांची फसगत होते ती येथे. नाव एकदम कलते आणि शीड आवरण्यासाठी धावपळ उडते. म्हणून जाणते लोक नाव वळवण्यापूर्वीच शीड थोडे गुंडाळून लहान करतात.

सायकल चालवणाऱ्या मुलांना हा अनुभव रोजचाच आहे. शाळेत जाताना वारा नव्हताच, येताना मात्र समोरून आला, अशी तक्रार त्यांनी केली, तर लगेच उत्तर देऊ नका. “वारा खरोखर वाढला होता का?” एवढेच विचारा, आणि फळ्यावर दोन बाण काढायला खडू त्यांच्याच हाती द्या.