उत्पन्नाच्या प्रमाणात भाडे: अमेरिकेतील गरीब वृद्धांची घरे

वार्धक्यात माणसाचे उत्पन्न एकदा ठरले की सहसा फारसे वाढत नाही, घरभाडे मात्र वाढतच राहते. ज्यांच्या नावावर स्वतःचे घर नाही अशा वृद्धांच्या विवंचनेचे मूळ या वाढत्या अंतरात असते. अमेरिकेत ‘सोशल सिक्युरिटी’ ही निवृत्तिवेतनाची योजना १९३५ च्या कायद्याने आली, आणि ज्यांचे उत्पन्न त्यानंतरही अगदी तुटपुंजे राहते अशा वृद्धांना व अपंगांना १९७४ पासून ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ हे पूरक साहाय्य मिळू लागले. या साहाय्याची एका व्यक्तीसाठीची केंद्रीय कमाल रक्कम २०२५ मध्ये महिन्याला ९६७ डॉलर होती. मोठ्या शहरांत बाजारभावाचे भाडे भरायलाच ही रक्कम पुरत नाही. मग अन्न आणि औषधे कशातून घ्यायची, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाला अमेरिकेने दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणजे केवळ वृद्धांसाठी बांधलेल्या आणि सरकारी साहाय्यावर चालणाऱ्या भाड्याच्या इमारती. या इमारती वृद्धाश्रम नव्हेत, कारण येथे प्रत्येकाची सदनिका स्वतंत्र असते, तिला स्वतःचे स्वयंपाकघर असते, दाराची किल्ली राहणाऱ्याच्या हाती असते आणि त्याचे नाते संस्थेच्या आश्रिताचे नसून रीतसर करार केलेल्या भाडेकरूचे असते.

अमेरिकेतील सार्वजनिक गृहनिर्माणाचा पाया १९३७ च्या कायद्याने घातला गेला, परंतु त्याची रचना कुटुंबांसाठी होती, आणि एकट्या वृद्ध व्यक्तीला तेथे घर मिळण्याची वाट १९५६ मधील दुरुस्तीने मोकळी झाली. त्यानंतर १९६० मध्ये टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात ‘व्हिक्टोरिया प्लाझा’ ही खास वृद्धांसाठी आखलेली उंच सार्वजनिक इमारत उभी राहिली. फ्रान्सिस कार्प या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने तिचा अभ्यास केला आणि त्यासाठी नुसत्या राहणाऱ्यांना प्रश्न विचारून न थांबता, इमारत उघडण्यापूर्वीच अर्जदारांच्या मुलाखती घेतल्या आणि पुढे घर मिळालेल्यांची व न मिळालेल्यांची तुलना केली. नव्या घरात गेलेली माणसे अधिक समाधानी झाली आणि लोकांत अधिक मिसळू लागली, असा निष्कर्ष १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वृद्धाची उदासीनता ही वयाचीच देणगी असते असा सोयीस्कर समज ज्या काळात रूढ होता, त्या काळात तिचा बराचसा भाग राहत्या जागेमुळे असू शकतो, हे दाखवून देणारे हे काम मोलाचे होते.

तोवर दुसरी आणि पुढे अधिक महत्त्वाची ठरलेली योजना सुरू झाली होती. १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यातील २०२ व्या कलमावरून ती ‘सेक्शन २०२’ या नावानेच ओळखली जाते. तिचे वैशिष्ट्य असे, की इमारती सरकार स्वतः बांधत नाही, तर चर्च, ज्यू धर्मीयांच्या संस्था, कामगार संघटना यांसारख्या ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या मंडळींना त्यासाठी पैसा पुरवते. आरंभी हा पैसा दीर्घ मुदतीच्या, अल्प व्याजाच्या कर्जाच्या रूपाने मिळत असे; १९९० च्या कायद्याने कर्जाची जागा भांडवली अग्रिमाने घेतली, म्हणजे इमारत किमान ४० वर्षे अत्यल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठीच राखली तर ज्याची परतफेड करावी लागत नाही अशा रकमेने. भाडेकरूंकडून जमणारे भाडे आणि इमारत चालवण्याचा मान्य खर्च यांतील तूटही सरकार वेगळ्या कराराने भरून देते. घरातील किमान एका प्रौढाचे वय ६२ पूर्ण असावे आणि कुटुंबाचे उत्पन्न त्या परिसरातील मध्यक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावे, या प्रवेशाच्या मुख्य अटी आहेत. मध्यक उत्पन्न म्हणजे सर्व कुटुंबांना उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने मांडले असता नेमके मध्यावर येणारे उत्पन्न.

या योजनेचे खरे मर्म भाडे ठरवण्याच्या रीतीत आहे. सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सार्वजनिक घरांतील भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, १९८१ मध्ये ते प्रमाण ३० टक्के झाले, आणि आज ‘सेक्शन २०२’ मधील भाडेकरूही साधारणपणे वजावटीनंतरच्या उत्पन्नाचे ३० टक्के भरतो. केवळ ९६७ डॉलरांवर जगणाऱ्या व्यक्तीला कोणतीही वजावट न धरता हे भाडे सुमारे २९० डॉलर पडते, वैद्यकीय खर्च मोठा असेल तर ते आणखी घटते, आणि पती-पत्नींपैकी एकाच्या निधनानंतर उत्पन्न उतरले तर भाडेही त्यामागोमाग उतरते. भाडे माणसाच्या ऐपतीवरून ठरावे, जागेच्या किमतीवरून नव्हे, हे तत्त्व येथे पूर्णपणे पाळले गेले आहे.

१९८६ च्या करसुधारणा कायद्यातून आलेली करसवलतीची योजना याहून वेगळी आहे, आणि जाहिरातीत दोन्हींना ‘परवडणारी घरे’ असेच म्हटले जात असल्याने हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. या योजनेत विकासकाला दहा वर्षांत विभागलेली करसवलत मिळते, ती तो बँकांसारख्या गुंतवणूकदारांना देऊन बांधकामाचे भांडवल उभारतो आणि बदल्यात सदनिकांचे भाडे मर्यादेत ठेवण्याचे बंधन पत्करतो. मात्र ही मर्यादा प्रत्यक्ष भाडेकरूच्या उत्पन्नावरून काढत नाहीत, परिसराच्या मध्यक उत्पन्नावरून काढतात. उदाहरणादाखल, एका व्यक्तीसाठीचे मध्यक उत्पन्न वर्षाला ८०,००० डॉलर मानले, तर त्याच्या ६० टक्के पातळीवर राखलेल्या एका खोलीच्या घराचे कमाल भाडे महिन्याला १,२०० डॉलर येते, म्हणजे ९६७ डॉलर मिळवणाऱ्याच्या संपूर्ण उत्पन्नाहून अधिक. अशा घरात सर्वांत गरीब वृद्धाला राहता येते ते बहुधा वेगळे भाडे-अनुदान हाती असेल तरच. असे असूनही आज नव्या इमारती मुख्यतः याच सवलतीच्या आधारे उभ्या राहतात, कारण ‘सेक्शन २०२’ अंतर्गत नव्या बांधकामाचा निधी २०१२ पासून काही वर्षे थांबवण्यात आला आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला तो मर्यादित प्रमाणात.

स्नानगृहातील आधाराचे दांडे, रुंद दरवाजे आणि उद्वाहन या सोयी या इमारतींत असतात, पण वृद्ध भाडेकरू वर्षानुवर्षे तेथे टिकून राहतो त्यामागे अनेकदा एक माणूस असतो, आणि तो म्हणजे सेवा समन्वयक. हा कर्मचारी औषधोपचार करत नाही. तो सरकारी अर्ज भरून देतो, घरपोच जेवणाची वा वाहनाची व्यवस्था लावतो आणि रुग्णालयातून परतलेल्या भाडेकरूला काय हवे-नको ते पाहतो. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथील ‘कॅथीड्रल स्क्वेअर’ या संस्थेने ही कल्पना पुढे नेऊन ‘सॅश’ हा कार्यक्रम घडवला, जो २०११ पासून राज्यभर पसरला. त्यात साधारण १०० सहभागी व्यक्तींमागे एक पूर्णवेळ समन्वयक आणि एक अर्धवेळाहूनही कमी काम करणारी परिचारिका असते. इतक्या अल्प मनुष्यबळावर एखाद्या वृद्धाला शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ लांबवता येत असेल, तर त्यावरचा खर्च हा उपकार मानण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेतील मोठा दोष असा, की पात्रता म्हणजे हक्क नव्हे. निवृत्तिवेतन पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला मिळते, घराचे साहाय्य मात्र निधी असेल तेवढ्यांनाच. आणि पात्र वृद्ध भाडेकरूंपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांनाच ते मिळते. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक इमारतीची प्रतीक्षायादी वेगळी असते, तिच्यात वर्षे जातात, कधी यादीच बंद केली जाते, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला पाच वर्षे थांबायला सांगणे हे व्यवहारात नकार देण्यासारखेच आहे. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना घेऊन राहणाऱ्या मराठी आई-वडिलांनाही सार्वजनिक घरांसाठी अर्ज करता येतो. वेगळ्या राहणाऱ्या मुलांचे उत्पन्न त्यात मोजले जात नाही, पण त्यांनी नियमितपणे पाठवलेले पैसे मात्र आई-वडिलांचे उत्पन्न धरले जातात, हे अशा कुटुंबांनी आधीच जाणून घ्यावे आणि एकाच यादीवर विसंबून न राहता अनेक ठिकाणी नाव नोंदवावे.

महाराष्ट्रात अशा घरांची उणीव ठळकपणे जाणवते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची कल्पना आहे आणि श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपयांचे साहाय्य मिळते, परंतु वृद्धाश्रम आणि मालकीचे घर यांच्या मधली जागा, म्हणजे उत्पन्नाच्या प्रमाणात भाडे असलेली स्वतंत्र खोली, येथील गृहनिर्माण धोरणात जवळजवळ रिकामीच राहिली आहे. म्हाडाने आणि महानगरपालिकांनी सोडतीत मालकी हक्काने घरे देतानाच काही इमारती कायमच्या भाड्याच्या ठेवाव्यात, त्यांतील तळमजल्यावरच्या खोल्या एकट्या वृद्धांसाठी राखाव्यात आणि त्यांचे भाडे बाजाराकडे नव्हे तर भाडेकरूच्या उत्पन्नाकडे पाहून ठरवावे, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी आता आग्रहाने मांडायला हवी.