मुठीवरचा रंग उतरवताना

घडीच्या चाकूच्या ॲल्युमिनियमच्या मुठीवर दिसणारा लाल किंवा निळा रंग हा सहसा तैलरंगासारखा वरून फासलेला थर नसतो. ॲनोडायझिंग या प्रक्रियेत मूठ गंधकाम्लाच्या द्रावणात धन अग्र म्हणून बुडवून वीजप्रवाह सोडला जातो, त्यामुळे तिच्या पृष्ठभागाचेच ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म छिद्रांत रंगद्रव्य मुरवून ती छिद्रे गरम पाण्याने मिटवली जातात. हा थर बहुधा 5 ते 25 मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकाच असतो. मात्र तो मूळ धातूपेक्षा कितीतरी कठीण असल्याने रंग काढणे म्हणजे धातूचे चिलखतच उतरवणे होय.

हाताने रंग काढायचा तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणे हा सर्वांत आटोक्यातला उपाय आहे. पाण्यामुळे धूळ उडत नाही आणि कागदाची धार लवकर बुजत नाही. आरंभी 400 क्रमांकाचा आणि पुढे 800 व 1500 क्रमांकांचा कागद वापरावा, म्हणजे आधीचे ओरखडे पुढच्या बारीक कागदाने निघतात. स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सच्या ‘ॲलॉक्स’ मुठींसारख्या उठावाच्या नक्षीवर मात्र उंचवट्यांचा रंग आधी जातो आणि खोलगट भागांत तो तसाच राहतो. हे दुरंगी रूप पुष्कळांना आवडते, आणि ते योग्यच आहे, कारण खोलातला रंग काढण्याच्या हट्टापायी उंचवटेच झिजून नक्षी सपाट होते.

कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात हा थर काही मिनिटांत विरघळतो, परंतु तो संपताच द्रावण खालच्या ॲल्युमिनियमला लागते आणि हायड्रोजनचे बुडबुडे जोराने उठू लागतात. हीच मूठ बाहेर काढून भरपूर पाण्याने धुण्याची खूण होय. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि हवेशीर, आगीपासून दूरची जागा यांत तडजोड नसावी. मिश्रधातूत तांबे असेल तर धुतलेल्या मुठीवर काळपट साका उरतो. पट्ट्या रिव्हेटने पक्क्या बसवलेल्या असतील तर सांध्यांत द्रावण अडकून राहते, म्हणून तिथे घासणेच बरे.

टायटेनियमच्या मुठीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावर रंगद्रव्य मुळीच नसते. नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या पारदर्शक ऑक्साइडच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग भासतो, त्यामुळे खरखरीत घासणीनेही तो निघतो.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच नवा ऑक्साइड थर बनतो, पण तो जेमतेम काही नॅनोमीटरचा असल्याने हाताला करडा काळिमा लागतो आणि ओरखडे सहज पडतात. मेणाचा पातळ हात दिल्यास काळिमा कमी होतो. मूळची झीज सोसण्याची ताकद हवी असेल, तर मात्र मूठ पुन्हा ॲनोडायझिंगलाच द्यावी लागते.