पावसाळ्यात फूड ट्रेलर उभा करताय? आधी ती ताडपत्री बाजूला ठेवा



मागच्या व्हिडिओत आपण किनाऱ्यावर फूड ट्रेलर लावण्याचा हिशेब मांडला होता. कर्जाचा हप्ता, गॅस, पगार, सगळं धरलं. एक खर्च मात्र मीच धरायला विसरलो. जून ते सप्टेंबर कोकणात पर्यटक नसतो, तेव्हा ट्रेलर उभा राहतो. तो कुठे आणि कसा उभा राहतो, यावर ऑक्टोबरमधला तुमचा धंदा ठरतो.

मालवणकडच्या माझ्या एका प्रशिक्षणार्थ्याचं सांगतो. कर्ज काढून ट्रेलर घेतला, पहिला सीझन छान गेला. मेच्या शेवटी पठ्ठ्याने गाडी अंगणात मातीवर लावली, दोन निळ्या ताडपत्र्या घेतल्या आणि नायलॉनच्या दोरीने चाकांपर्यंत गच्च आवळून टाकल्या. चार महिन्यांनी सोडल्या तर दार उघडताच कुबट वास. भिंतींवर काळी बुरशी, काउंटरखालचं प्लायवूड पाय ठेवला की दबतंय, फ्रिजचं रबर काळं. त्याने मला फोन केला, "सर, वरून एक थेंब आत गेलेला नाही. मग हे झालं कसं?"

दुरुस्तीत दिवाळीची सुट्टी गेली. हप्ता मात्र दर महिन्याला गेलाच.

त्याचं म्हणणं खरं होतं, वरून थेंबही गेला नव्हता. पाणी आतच होतं. जुलैमध्ये कोकणातल्या हवेत आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. खालची ओली माती सतत वाफ सोडते. रात्री पत्रा थंड झाला की ती वाफ त्याच्यावर दव होऊन बसते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, अगदी तसंच. मोकळ्या हवेत ते दव दिवसा वाळून जातं. गच्च प्लास्टिकच्या आत ते कुठे जाणार? शिवाय वाऱ्याने ताडपत्री फडफडून कोपऱ्यांवरचा रंग खरवडते तो वेगळाच. म्हणजे पाऊस वरून अडवायचा, पण हवा चारही बाजूंनी खेळू द्यायची. बाकीची सगळी कामं याच्यानंतर.

ट्रेलर साठवण्यावरचे परदेशी व्हिडिओ पाहून गोंधळू नका. तिथला शत्रू बर्फ आहे. पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटू नये म्हणून ते लोक त्यात गुलाबी रंगाचं द्रव भरतात. आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा शेजारच्या मच्छीमाराकडे बघा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर ओढून लाकडांवर उचलून ठेवतात आणि वर झावळ्यांचं छप्पर शाकारतात. खालून वारा जातो, बाजूंनी जातो. आपल्याला तेच करायचं आहे.

चार खांबांवर पत्र्याची शेड घाला. ट्रेलरच्या टपापासून छप्पर किमान दीड-दोन फूट वर असू दे. पश्चिमेकडून झड येते, म्हणून त्या बाजूला झडप किंवा ग्रीन नेट लावा, बाकी बाजू उघड्या. जवळ कुणाचा रिकामा मांगर भाड्याने मिळाला तर उत्तमच, फक्त त्याला हवा आहे ना ते पाहा. नारळाखाली किंवा आंब्याखाली गाडी लावू नका. टपावर एक नारळ पडला की सगळं सीलिंग फुकट. आणि हे सगळं १५ मेपूर्वी. तौक्ते वादळ २०२१ च्या मेमध्येच किनाऱ्यावरून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडमध्ये धडकलं. आगोट जवळ आली की पत्रेवाला, वेल्डर, कुणी हाताला लागत नाही. शेडचे खांब जमिनीत नीट गाडा, पत्र्याला जे-हूक पुरेसे मारा.

जमीन उंच हवी. मातीवर थेट नाही, खाली चिरे किंवा खडी टाका. चाकांखाली फळ्या द्या आणि चॅसिसला जॅक किंवा चिऱ्यांचे टेकू लावून टायरवरचा भार कमी करा, नाहीतर चार महिने एकाच जागी दबून टायर चपटे होतात. हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले की पुरे. पुढचा दांडा थोडा उचलून ठेवा, म्हणजे टपावर पाणी साचणार नाही.

आता गळतीची तपासणी. ही एप्रिलच्या शेवटी करा, कारण सीलंट कोरड्या पत्र्यावरच धरतं. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. सुरुवात खालून. आधी खालचे जोड, मग खिडकी, सगळ्यात शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि खरी फट सापडतच नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही, जुनं पूर्ण खरवडून काढा. लोक इथे आळस करतात आणि जुलैमध्ये गळतं.

धुणं दोन प्रकारचं. बाहेरून आणि विशेषतः खालून, म्हणजे ॲक्सल, स्प्रिंग, दांडा, भरपूर गोड्या पाण्याने धुवा. खारा वारा मीठ चिकटवून जातो आणि मीठ ओलावा धरून ठेवतं. गंज दिसेल तिथे तारेचा ब्रश, प्राइमर, रंग. बेअरिंगला ग्रीस. आतून गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन तेलाचा थर काढा, चिमणीच्या आतला सुद्धा, कारण उंदीर आणि झुरळं त्याच वासाने येतात. मग दारं-खिडक्या सताड उघडून दोन दिवस उन्हात.

वायर आणि पाइप जिथून आत येतात त्या फटींत भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, उंदीर ती कुरतडत नाही. पण हवेची भोकं बुजवू नका! एक खाली, एक वर, दोन्हींना बारीक जाळी. पाण्याची टाकी रिकामी करा. फ्रिजच्या दारात लाकडाचा तुकडा अडकवून ते उघडं ठेवा. कागदी डबे, मेन्यू बोर्ड, गाद्या घरी न्या. गॅसचा सिलिंडर ट्रेलरमध्ये मुळीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचून राहतो. बॅटरी काढून घरी ठेवा, महिन्यातून एकदा मीटर लावा आणि १२.४ व्होल्टच्या खाली गेली तर चार्ज करा.

यानंतर गाडी विसरायची नाही. पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं की दारं उघडा, दोन-तीन तास पंखा फिरवा. पाऊस कोसळत असताना उघडून उपयोग नाही. तुम्ही पुण्यात आणि ट्रेलर गुहागरला असेल तर जागामालकाशी हे आधीच ठरवून घ्या. भाड्यातच दर आठवड्याची उघडझाप आणि व्हॉट्सॲपवर आतल्या जमिनीचा एक फोटो. "बघतो अधूनमधून" हे उत्तर चालवून घेऊ नका.

विमाही बघून घ्या. फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमच्या ट्रेलरवर झाड पडलं तरी एक रुपया मिळत नाही. गाडी उभीच आहे म्हणून नूतनीकरण पुढे ढकलू नका, मुदत संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनसही जातो. उभी करताना सगळ्या बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवा.

आणि पैसे? समजा जागेचं भाडं, सीलंट, रंग, शेडची डागडुजी मिळून वर्षाला १८,००० रुपये लागतात. सीझन आठ महिन्यांचा, म्हणजे महिन्याला २,२५० रुपये. ते ऑक्टोबरपासूनच वेगळ्या खात्यात टाका. मेमध्ये एकदम काढायला गेलात तर हात आखडतो आणि मग पुन्हा दोन ताडपत्र्या आणल्या जातात.

सप्टेंबरअखेर गाडी बाहेर काढताना गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. रबरी नळी पाच वर्षांची झाली असेल तर बदलाच. टायरवरचा चार अंकी आकडा वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटलेला टायर घेऊन घाटात जाऊ नका, वरून कितीही नवा दिसू दे. हवा भरा, अंगणातच चार-पाच वेळा पुढे-मागे ओढून ब्रेक धरतात आणि सुटतात का बघा, आणि मगच रस्त्यावर काढा.