कोहळं, कणीक आणि बन्सी गहू

कोहळं म्हणजे नेमके काय, यावरून पुण्याचा माणूस आणि अमरावतीचा माणूस बराच वेळ वाद घालू शकतात. पुण्याकडे कोहळा म्हणजे अंगावर राखेसारखी भुकटी असलेले, आतून पांढरे फळ. त्याचे सांडगे होतात, पेठा होतो, आणि दृष्ट लागू नये म्हणून तो दुकानाच्या दारावर टांगला जातो. वऱ्हाडात कोहळं म्हणजे लाल भोपळा. पांढऱ्याला आम्ही भुरं कोहळं म्हणून वेगळे काढतो. वनस्पतिशास्त्राच्या बाजूने पाहिले तर पुणेकर बरोबर आहेत. भुरं कोहळं आशियातले जुने फळ. लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा, पोर्तुगीज या किनाऱ्याला लागल्यानंतर सोळाव्या शतकापासून इकडे पसरलेला. पण वऱ्हाडी माणसाचा न्याय वेगळा आहे. दत्तक आलेल्या मुलाला घराण्याचेच आडनाव लागते, तसे नव्या फळाला जुन्या भाऊबंदाचे नाव लागले आणि ते घरचे होऊन गेले. आज पितृपक्षात पानावर कोहळ्याची भाजी नसेल तर वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत चुकल्याचुकल्यासारखे होते.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे एक नवा पदार्थ. अमरावती-अकोल्याच्या घरांत हल्ली मुली-सुना, आणि मुलगेसुद्धा, घरी पास्ता करतात. मैद्यात किंवा रव्यात शिजवलेले कोहळे मळायचे, पोळी लाटून तिच्या पट्ट्या कापायच्या, उकळत्या पाण्यात शिजवायच्या. केशरी रंगाच्या त्या पट्ट्या दिसतात सुरेख. घरातली वडील मंडळी त्याकडे दोन तऱ्हांनी पाहतात. काही नाक मुरडतात. काही लगेच, 'हे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच,' असे म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. आमच्याकडे हा पदार्थ नव्हता. मात्र त्याचे दोन्ही अर्धे भाग आमच्याकडे होते, आणि ते वेगवेगळे का राहिले याला चांगले कारण आहे.

पहिला अर्धा भाग म्हणजे कोहळ्याच्या घाऱ्या. वऱ्हाडात ळचा य होतो, त्यामुळे बोलताना 'कोहयाच्या घाऱ्या'. कृती सांगायला दोन ओळी पुरतात, जमायला वर्षे लागतात. कोहळे किसून किंवा फोडी करून थोड्या तुपावर शिजवायचे, त्यातच गूळ विरघळू द्यायचा, आणि निवल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक घालायची. कणीक किती, हे कोणी सांगत नाही, कारण सांगता येत नाही. नव्या सुनेचा हात सवयीने तांब्याकडे गेला की मागून आवाज येई, "पानी नोको टाकू वं, कोहयंच पानी सोळते." या एका वाक्यात त्या पिठाचे सगळे शास्त्र आहे. भाकरीत आणि पोळीत पाणी आपल्या हातात असते. इथे पाणी भाजीच्या पोटात असते, आणि ते किती हे कोहळ्याच्या वयावर ठरते.

कोहळ्याचे वेल उकिरड्यावर, कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर चढत. पावसाळ्याच्या अखेरीस उतरवलेले ताजे कोहळे पाणचट असते. तेच देठासकट काढून कोरड्या खोलीत ठेवले तर माघापर्यंत सहज टिकते, आणि टिकताना पालटते. पाणी कमी होते, आतल्या पिष्ठाची साखर होऊ लागते, गर घट्ट आणि गोड होतो. भादव्यातल्या कोहळ्याला दोन वाट्या कणीक लागत असेल तर माघातल्याला दीड पुरते, गूळही कमी लागतो. म्हणून जुन्या बायका कोहळे विकत घेताना त्यावर नख रोवून पाहत. नख सहज रुतले तर भाजीला, नाही रुतले तर घाऱ्यांना. तळणीत घारी फुगते, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ राहते, आणि दोन दिवस प्रवासात चालते. यापेक्षा जास्त टिकवायची अपेक्षा त्या पदार्थाकडून कोणी केली नव्हती.

दुसरा अर्धा भाग म्हणजे उकडून खायची कणीक. या बाबतीत वऱ्हाड श्रीमंत आहे. तुरीच्या वरणात शिजवलेल्या चकोल्या तर रोजच्याच. लग्नघरी गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे अशी चिमुकली वळवटे होतात. नखुल्यांवर नखाचा ठसा असतो, गव्हले गव्हाच्या दाण्याएवढे. ती रुखवतात मांडतात आणि नंतर त्यांची खीर होते. उन्हाळ्यात शेवया. आणि या सगळ्यांत मला सर्वांत नवलाचे वाटतात ते सरगुंडे. घट्ट मळलेल्या पिठाची बारीक दोरी करायची, ती गुळगुळीत काडीभोवती गुंडाळायची, तळहाताने फिरवून कडा एकजीव करायच्या आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मागे उरते ती पोकळ नळी. ती वाळवून ठेवायची, आणि जावई किंवा व्याही आले की उकडून, वर तूप सोडून, आंब्याच्या रसाबरोबर वाढायची.

इटलीच्या दक्षिणेला कालाब्रिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या बायका आपल्या पास्त्याचा एक प्रकार असाच करतात. पिठाची वळी लोखंडाच्या बारीक सळईवर किंवा काडीवर दाबून फिरवायची आणि सळई ओढून घ्यायची. त्यांनी आपल्याकडून घेतले नाही, आपण त्यांच्याकडून घेतले नाही. हातात घट्ट पीठ असले, जवळ एक काडी असली आणि वर कडक ऊन असले की माणसाला तीच गोष्ट सुचते.

पण 'घट्ट पीठ' हे दोन शब्द मी सहज लिहून गेलो. तेच या सगळ्याचे मर्म आहे. कालाब्रियातल्या आणि वऱ्हाडातल्या त्या पिठात एक साम्य आहे, आणि ते काडीपेक्षा मोठे आहे. दोन्हीकडचा गहू एका जातकुळीचा आहे. इटालियन लोक ज्याला ड्युरम म्हणतात, म्हणजे कठीण गहू, त्याच जातकुळीतला आमचा बन्सी. दाणा लांबट, अंबरासारखा पिवळसर, दाताखाली कडकन फुटणारा. जात्यात घातला तर त्याचे पीठ होण्याआधी रवा होतो. मळल्यावर ही कणीक चिवट राहते, ओढली तर मागे सरत नाही, शिजवली तर लगदा होत नाही. इटलीत तर १९६७ साली कायदाच झाला, की कोरडा पास्ता विकायचा तो ड्युरम गव्हाचाच. आमच्याकडे कायदा नव्हता. शेवयांना बन्सीच हवा, हे आजीला ठाऊक होते.

शेवयांचा गहू आदल्या दिवशी ओलवून फडक्यात बांधून ठेवत. मग दळून वस्त्रगाळ करत. कोंडा वेगळा, रवा वेगळा, सपीठ वेगळे. रवा आणि सपीठ मीठ घालून भिजवत आणि मग तेलाच्या हाताने ते तासन्‌तास तिंबत. इतक्या मेहनतीनंतर जो धागा निघे तो वाळत घातला की अकोल्याच्या उन्हात दोन-तीन दिवसांत काचेसारखा कडक होई. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवेत ओल औषधाला नसते. आम्ही त्या उन्हाला शिव्या देतो. शेवयांना ते मानवते.

आता कोहळे शेवयांत का गेले नाही, याचे उत्तर मिळते. कोहळ्याच्या गरात तंतू असतात, आणि ते कणकेतला चिवटपणा जागोजागी तोडतात. लाटलेल्या पोळीला हे चालते, केसासारख्या बारीक धाग्याला नाही. शिवाय गरातली साखर पावसाळ्यात ओल धरते. कोहळ्याची शेवई डब्यात घालून ठेवली असती तर श्रावणात डबा उघडल्यावर बुरशी नाहीतर अळ्याच हाती लागल्या असत्या. वर्षभर टिकवायचे ते निव्वळ गव्हाचे, आणि भाजीची ओल असलेले ते आजचे आज खायचे, अशी ती विभागणी होती. इटलीतही फार वेगळे नाही. मांतुआ गावची भोपळा घातलेली पुरचुंडी प्रसिद्ध आहे. तिच्यात भोपळा सारणात असतो आणि ती ताजीच खातात.

हा बन्सी येई कुठून? मुख्यतः पूर्णेच्या खोऱ्यातून. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला खारपाणपट्टा आहे. जमीन खोल काळी, पण भूगर्भातले पाणी खारे. विहीर खणून उपयोग नाही. तिथला शेतकरी पावसाळाभर जमीन पड ठेवी, वखरून ओल आत कोंडून ठेवी, आणि पाऊस सरल्यावर त्या कोंडलेल्या ओलीवर बन्सी पेरी. त्याला वरून पाणी मिळत नसे. उतारा कमी, तांबेऱ्याची भीती, पण दाणा मात्र कडक. इतर ठिकाणी ओलिताचा गहू आला. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला 'लोक-१' १९८०च्या दशकात पसरला आणि 'लोकवन' या नावाने तो घराघरांत शिरला. पोळीला तो उत्तम, यात वाद नाही. खारपाणपट्ट्यात ओलित नसल्याने बन्सी जरा जास्त तगला. पुढे सोयाबीन आले. चार महिन्यांत नगदी पैसा देणारे खरिपाचे पीक दारात आले असताना जमीन पड ठेवायला कोण धजेल? पड गेली, तशी ती ओल गेली आणि तिच्यावरचा गहू गेला. पुढच्या हंगामात हरभरा आला. पूर्वी जे शेतभर होते ते आता काही घरांपुरते, खाण्यापुरते पेरतात.

मी बँकेत होतो, म्हणून यातली एक गोष्ट मला कागदावरून ठाऊक आहे. पीक कर्जाचे दर पिकावार ठरतात, आणि कोरडवाहू गव्हाचा आकडा नेहमीच तळाशी असे. शेतकरी मूर्ख नसतो. ज्या पिकावर एकरी जास्त कर्ज मिळते ते तो सातबाऱ्यावर दाखवतो आणि काही वर्षांनी खरोखरच पेरू लागतो. एखादे वाण शेतातून जाण्यात असाही एक हात असतो, आणि तो कोणत्याही कृषी अहवालात दिसत नाही.

दुसरा कागद शेवयांच्या यंत्राचा. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढे गावोगावचे महिला गट कर्जाला येऊ लागले आणि त्यांत शेवयांचे यंत्र हवे असणारे बरेच असत. एका शाखेत असा अर्ज माझ्या पाहण्यात आला. अर्जदार बायांपैकी सर्वांत लहान पस्तिशीची, मोठी साठीची. अर्जातल्या 'व्यवसायाचा पूर्वानुभव' या रकान्यात भरले होते, 'निरंक'. भरणाऱ्या कारकुनाने विचारले असणार, पूर्वी धंदा केला का, आणि त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले असणार. त्या दहा जणींच्या हातून गावाच्या निम्म्या लग्नांतल्या शेवया उतरल्या होत्या.

यंत्र आले याचे मला वाईट वाटत नाही. हातशेवयांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा वैशाखात भिंतीला पाठ लावून, पाटावर सहा तास पीठ घासून पाहावे. खांदे कायमचे दुखत, बोटांची सालटी निघत, आणि आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे या फेऱ्यात सगळा महिना जाई. बायांना त्यातून सुटका हवी होती आणि ती मिळाली. पण यंत्राची जाळी निवडक नसते. तिच्यातून कोणत्याही गव्हाची, अगदी मैद्याचीसुद्धा शेवई पडते. हाताला बन्सी लागे, यंत्राला लागत नाही. शेतात पड राहिली नाही, तसे स्वयंपाकघरातले गिऱ्हाईकही राहिले नाही.

म्हणून नव्या पोरींच्या केशरी पट्ट्यांकडे मी नाक मुरडून पाहत नाही. अमरावतीच्या राजकमल चौकालगत दुकानातून पास्त्याचे पाकीट घेतले तर त्यावर अभिमानाने छापलेले असते, 'ड्युरम गव्हाचा रवा'. तो गहू बहुधा माळव्यातला असतो, कधी थेट इटलीतला. त्याच गव्हाचे आमचे वाण दर्यापूरच्या वाटेवर तासाभराच्या अंतरावर कुणाच्या तरी कणगीत पडून असते, आणि त्याला विचारणारे कोणी नसते. शेवयांसाठी बन्सी कोणी परत मागणार नाही; ते दिवस गेले. मात्र घरी पास्ता करणाऱ्याला त्याची गरज आहे. मैद्यात कोहळे मळले की गोळा चिकटतो, मग आणखी मैदा, मग शिजवताना पट्ट्या फुगून गिळगिळीत होतात. मग अंडी घाला, हे घाला, ते घाला असे उपाय सुरू होतात. बन्सीचा रवा घेतला तर यातले काहीच करावे लागत नाही. त्याचा स्वतःचा पिवळेपणा आणि कोहळ्याचा रंग एकमेकांना धरून राहतात.

आमच्या घरी जे जमले ते असे. कोहळे माघातले, जड देठाचे. फोडी पाण्यात न शिजवता वाफवायच्या किंवा निखाऱ्यावर भाजायच्या. गर पातळ फडक्यातून पिळायचा, मग कढईत मंद आचेवर परतायचा, उलथन्याला धरून राहील इतका. बन्सीचा बारीक रवा आणि कणीक मिळून तीन वाट्या असेल तर असा आटवलेला गर एक वाटी, थोडी कमीच. मीठ, चमचाभर तेल, पाणी अजिबात नाही. सुरुवातीला ते पीठ भुगाभुगा दिसेल. घाबरून पाण्याचा हात लावायचा नाही. झाकून अर्धा-पाऊण तास ठेवले की रवा गरातली ओल पितो आणि गोळा आपोआप धरतो. मग दहा मिनिटे जोर लावून तिंबायचे, जाडसर लाटायचे, पट्ट्या कापून थोडा वेळ सुटीवर वाऱ्याला ठेवायच्या. खळखळत्या खारट पाण्यात तीन-चार मिनिटे पुरतात.

वर चीज घालणारे घालोत. आम्ही जवसाच्या तेलात ठेचलेला लसूण आणि लाल मिरची कढवून त्यात त्या पट्ट्या घोळवतो, वरून जवसाची चटणी. पीठ उरले तर दुसऱ्या दिवसावर ठेवायचे नाही. गूळ किसून त्यात मळायचा आणि घाऱ्या तळायच्या. गुळाने ते सैल होते, तेव्हा मूठभर कणीक आणखी लागते.