पाचटाचा कोळसा, भाकरीचा तवा

दिवाळीच्या मागेपुढे केज तालुक्यातली अनेक घरं बंद होतात. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा, केज तालुका त्याच जिल्ह्यातला. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि पुढचे चार-पाच महिने उसाच्या फडाजवळची कोपी, म्हणजे झोपडी. पहाटे अंधारात तीन दगडांची चूल पेटते. जळणाचा शोध मात्र दिवसभराचं काम आटोपल्यावर, बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतो.

आणि फडात पाचट, म्हणजे तोडलेल्या उसाची पानं, पडून असतं, हेक्टरी दहा टनांच्या आसपास. वाळलं की जनावर तोंड लावत नाही, लवकर कुजतही नाही. म्हणून काडी लावायची.

या पाचटाचा कोळसा करायचं तंत्र पुण्यातल्या 'आरती'ने बसवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही संस्था 1996 सालची; या कोळशासाठी तिला 2002 मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट बंद पिंपात कोंबून पिंप भट्टीत तापवतात. आत हवा नसल्याने पाचट पेटत नाही, करपतं. त्यातून सुटणारा वायू भट्टीतच जळतो आणि पिंपाला पुढची आच देतो. उरलेली काळी भुकटी खळीत मळून तिच्या कांड्या पाडतात.

कांड्यांसाठी संस्थेने 'सराई' कुकर केला. खाली छोटी शेगडी, वर डाळ-भात-भाजीचे डबे, तळाशी थोडं पाणी आणि या सगळ्याभोवती एक बाहेरचा डबा. खरी करामत त्या बाहेरच्या डब्याची आहे. साध्या शेगडीची बरीच ऊब भांड्याच्या कडेने निसटून जाते. इथे गरम वायू दोन भिंतींमधल्या फटीतून भांड्याला घासत वर चढतो. शंभर-सव्वाशे ग्रॅम कांड्यांत चार-पाच माणसांचं जेवण तासाभरात शिजतं, शेजारी बसून राहावं लागत नाही. इतक्या थोड्या निखाऱ्यावर इतकं शिजवणं हे थोर काम आहे.

पण बीडचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. वाफ शंभर अंशांवर थांबते, तव्याला त्याच्या दुप्पट ताप लागतो. वर भाकरी फुगवायला निखारा मोकळा हवा. मग पुन्हा पत्र्याच्या बादलीची शेगडी: मध्ये लोखंडी जाळी, खाली हवेचं दार, आतून माती, भुसा आणि शेणाचा लेप. तिला रोज हात लावावा लागतो. उसाच्या पानात सिलिका भरपूर, म्हणून राखही भरपूर. ती जाळीवर बसली की हवा तुटते आणि निखारा काळवंडतो. लेपाला तडा गेला तर ओल्या मातीने लगेच बुजवायचा, नाहीतर पत्रा जळतो. तोंड अरुंद करून तवा निखाऱ्याजवळ आणला तर ताप वाढतो, पण फार जवळ आणला की हवा कोंडते.

हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस बाहेर पळतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास ना रंग. थंडीच्या रात्री ऊब म्हणून शेगडी कोपीत ओढली आणि ताडपत्रीचं दार लावलं, तर झोपेतच जीव जाऊ शकतो. कोळसा देणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी, घरातल्या सगळ्यांसमोर सांगायला हवी.

2016 पासून उज्ज्वला योजनेने गावात गॅस आणला. पण टाकी भरायला रोख पैसे लागतात, आणि मजुराने आगाऊ घेतलेली उचल हंगामाआधीच खर्ची पडलेली असते. कांड्या कोण पाडणार, हाही प्रश्न सुटत नाही: भट्टीसाठी पाचट वेळेवर गोळा व्हावं लागतं आणि फड उरकला की टोळी पुढच्या गावाला निघते.