तेलावर तरंगणारा क्रँकशाफ्ट

मोटारीचं इंजिन पूर्ण खोललं की क्रँकशाफ्टखाली पातळ, गुळगुळीत, अर्धगोल पट्ट्या सापडतात. त्यांत ना छर्रे, ना रोलर. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाचा दणका पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडमार्फत शेवटी याच साध्या बेअरिंगवर येतो.

तरीही नीट चालणाऱ्या इंजिनात शाफ्ट बेअरिंगला जवळजवळ टेकतच नाही. दोघांमध्ये साधारण ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवलेली असते. इंजिन बंद असताना शाफ्ट स्वतःच्या वजनाने तळाशी टेकतो. तिथे फट मिटते आणि त्या जागेच्या दोन्ही अंगांना ती निमुळती होत आलेली असते. शाफ्ट फिरू लागला की त्याला चिकटलेलं तेल या निमुळत्या जागेत ओढलं जातं. पुढे वाट अरुंद आणि मागून तेल येतच राहतं, त्यामुळे दाब वाढतो आणि शाफ्ट उचलला जातो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर भरधाव गाडीचं चाक चढतं, तेही याच कारणाने.

शाफ्ट ऑइल पंप उचलून धरतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पंपाचा दाब तीन-चार बार. ऐन स्फोटाच्या वेळी तेलाच्या थरातला दाब त्याच्या शेकडो पट असतो. पंप क्रँकमधल्या भोकांतून तेल पोचवतो, एवढंच. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी वरून भोक पाडलं, तर तेल त्यातूनच वर येऊ लागलं. बूच ठोकलं, तर तेही बाहेर फेकलं गेलं! १८८६मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी यामागचं गणित मांडलं. बेअरिंगची रचना आजही त्याच समीकरणावर आधारलेली आहे.

पट्टीची पाठ पोलादाची, आतला थर मात्र ॲल्युमिनियम-कथील किंवा तांबं-शिसं अशा मऊ मिश्रधातूचा. हा मऊपणा मुद्दाम ठेवलेला असतो. तेलाबरोबर आलेला बारीक कण त्यात रुतून बसतो आणि महागडा शाफ्ट ओरखड्यांपासून वाचतो.

इंजिन सुरू होताना तेलाचा थर अजून तयार झालेला नसतो, म्हणून झीज तेव्हाच जास्त होते. थंड गाडी सुरू करताच रेस मारू नका. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गॅरेजपर्यंत नेण्याचा विचारही न करता गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथेच बंद करा.