प्रतिकृती मोटार : अनुकरण आणि प्रामाणिकपणा

बालवर्गातील मूल प्रथम पाटीवर अक्षर गिरविते. ते अक्षर त्याचे नसते, गुरुजींनी काढून दिलेले असते. परंतु त्यावरून पुनःपुन्हा पेन्सिल फिरविता फिरविता एके दिवशी हात आपोआप वळू लागतो आणि मग ते अक्षर त्याचे होते. त्या मुलास कोणी चोर म्हणत नाही. मात्र तेच मूल पुढे परीक्षेत शेजाऱ्याच्या कागदावरील उत्तर उतरवून घेईल, तर त्यास शिक्षा होते. दोन्ही ठिकाणी अनुकरणच आहे. मग एक स्तुत्य आणि दुसरे निंद्य का? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका निराळ्याच वस्तूच्या आधारे करणार आहोत. ती वस्तू म्हणजे जुन्या, नामांकित शर्यती मोटारीची हाताने घडविलेली प्रतिकृती.

आमची साक्री सुरतेहून धुळ्याकडे येणाऱ्या हमरस्त्यालगत वसलेली आहे. येथील मुलांना केवळ आवाजावरून येणारी गाडी ओळखता येते. ‘अशी मोटार आपल्याला करता येईल काय?’ हा प्रश्न विद्यार्थी आम्हास वारंवार विचारतात. उत्तर असे की, करता येते. जगात अनेकांनी केली आहे. मात्र ती कशी करतात आणि केल्यावर तिचे काय होते, हे दोन्ही समजून घेतले पाहिजे.

प्रथम पद्धत सांगतो. प्रतिकृती करणारा मनुष्य इंजिन ओतीत नाही, दातेरी चक्रेही कापीत नाही. तो एखादी जुनी, परंतु आतून धडधाकट गाडी विकत घेतो आणि तिचे इंजिन, गिअरपेटी, मागील कणा, सुकाणू व ब्रेक उतरवून घेतो. जी गाडी असे आपले अवयव देते, तिला आपण ‘दात्री गाडी’ म्हणू. सांगाडा, पत्रे व इतर किरकोळ सामान कोणी कारखानदार संचाच्या रूपाने विकतो, किंवा करणारा ते स्वतः तयार करतो. मग दात्रीचे अवयव नव्या सांगाड्यावर चढतात आणि जुन्या थाटाची नवी मोटार उभी राहते.

या कलेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा, विशीच्या आसपासचा, अभियांत्रिकी शिकणारा एक तरुण होता. त्याने ‘ऑस्टिन सेव्हन’ नावाची एक जुनी, लहान व स्वस्त गाडी घेऊन तिचे रूपांतर केले आणि १९४८ साली आपली पहिली शर्यती मोटार सिद्ध केली. पुढे ‘लोटस’ हे नाव जगप्रसिद्ध झाले, त्याचा आरंभ असा एका मोडक्या गाडीपासून झाला. १९५७ साली याच चॅपमनने ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनांची उघडी गाडी बाजारात आणली. वजन कमी ठेवणे हा त्याचा मूलमंत्र होता. ही गाडी भरे सुमारे ५०० किलो. आपल्या परिचयाची अँबॅसिडर भरते सुमारे ११०० किलो. भरल्या गाडीच्या बैलांत आणि रिकाम्या गाडीच्या बैलांत जो फरक दिसतो, तोच येथे. बैल तेच, परंतु पाय निराळेच उचलतात.

त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर मोठा विक्रीकर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून लोटस सेव्हन पुष्कळदा सुट्या भागांच्या संचरूपाने विकली जाई व गिऱ्हाईक ती घरी जोडी. अशा संचासोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या गेल्या आणि लोकांनी त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचल्या, असे सांगतात! १९७३ साली नवी करपद्धती आली व ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅम या व्यापारी संस्थेस विकले. परंतु तोवर या गाडीची रचना इतकी सुटसुटीत आहे हे सर्वांस कळून चुकले होते, की जगभर तिच्या प्रतिकृती निघू लागल्या.

यांपैकी एक हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. इंग्लंडातील औंडल येथील शाळेत शिकविणारे रॉन चँपियन यांनी १९९६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची शर्यती मोटार बांधा, असे त्याच्या शीर्षकातच आश्वासन होते. जुनी फोर्ड एस्कॉर्ट ही दात्री, चौकोनी पोलादी नळ्यांचा घरी जोडलेला सांगाडा, आणि आकार लोटस सेव्हनचा. हे पुस्तक हाती धरून पुष्कळ सामान्य माणसांनी आपापल्या पडवीत मोटारी उभ्या केल्या.

आता या गाडीच्या अंतरंगात शिरू. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सांगाडा. आपल्याकडील कारागीर त्यास ‘चेसी’ म्हणतात. त्याचे सारे बळ त्रिकोणात असते. चार काड्या घेऊन टोके दोऱ्याने बांधा व चौकोन करा. एका कोपऱ्यास बोट लावताच तो चौकोन कलंडतो. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी तिरपी बांधा. चौकोन जागचा हलणार नाही. शेताच्या फाटकाला शेतकरी तिरपी फळी ठोकतो, ती याच कारणाने. बारीक नळ्यांचे असे त्रिकोण योग्य ठिकाणी योजले, तर थोड्या वजनात मोठे बळ मिळते. उलटपक्षी एखादी तिरपी नळी विसरली, तर वळणावर सबंध सांगाडा पिळवटतो व चाके रस्त्यावर नीट टेकत नाहीत.

दुसरी गोष्ट तोलाची. गाडीवान ओझे भरताना ते पुढेमागे सारखे वाटून घेतो. पुढे अधिक झाले तर बैलांच्या मानेवर भार पडतो, मागे अधिक झाले तर उलाळ होऊन जू वर उचलले जाते. मोटारीतही इंजिन कोठे बसवावे, बसणाऱ्याने कोठे बसावे, हे असेच ठरवावे लागते. शर्यती गाडीत सर्व भार जमिनीच्या जितका जवळ, तितकी ती वळणावर स्थिर राहते. म्हणून चालक जवळजवळ जमिनीवर बैठक मारल्यासारखा बसतो.

तिसरी गोष्ट सुकाणूची. गाडी वळताना आतील चाक लहान वर्तुळात फिरते व बाहेरील मोठ्या. म्हणून दोन्ही पुढील चाके सारखीच वळवून चालत नाही. आतील किंचित अधिक वळले पाहिजे. दात्री गाडीच्या दांड्या नव्या, अरुंद सांगाड्यावर तशाच लावल्या, तर हे प्रमाण बिघडू शकते व टायर घासत चालतात. दुसऱ्याचा सदरा अंगात चढला, एवढ्याने तो बेताचा झाला असे नव्हे.

चौथी गोष्ट बाह्य शरीराची. पुष्कळ प्रतिकृतींचे अंग काचतंतूंचे, म्हणजे ‘फायबर ग्लास’चे असते. ही वस्तू साक्री तालुक्यास परकी नाही. ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्या पवनचक्क्या फिरतात, त्यांची प्रचंड पाती याच जातीच्या द्रव्याची असतात. प्रथम हव्या त्या आकाराचा साचा करून त्यावर मेण चोळतात, म्हणजे वस्तू साच्यास चिकटत नाही. नंतर काचतंतूंची जाळी पसरून तिच्यात चिकट राळ मुरवितात व हवेचे बुडबुडे लाटणीने काढून टाकतात. असे थरावर थर दिल्यावर राळ घट्ट होते आणि हलके, न गंजणारे कवच हाती येते. राळ घट्ट करणारे द्रव्य हवामान पाहून घालावे लागते. खानदेशच्या वैशाखात नेहमीचे प्रमाण ठेवले, तर हात चालविण्यापूर्वीच राळ भांड्यात गोठावयाची! शिवाय या कामात विषारी वाफ व काचेची कूस उडते. म्हणून तोंडावर योग्य मुखवटा, हातांत मोजे व मोकळी हवा ही हवीतच.

असा उद्योग आपल्या महाराष्ट्रातही झाला आहे. मूळचे जर्मन असलेले गुइडो बोथे यांनी रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ ‘चिंकारा मोटर्स’ हा छोटा कारखाना काढून या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत लोटस सेव्हनच्या धर्तीची ‘चिंकारा रोडस्टर’ बनविली. नळ्यांचा सांगाडा, काचतंतूंचे अंग, आणि हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसिडरमध्ये बसविले जाई ते इसुझूचे १८०० घनसेंटीमीटरचे इंजिन. गंमत अशी की, ती अँबॅसिडर तरी अस्सल कोठे होती? इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचेच ते रीतसर परवान्याने घेतलेले रूप होते. परंतु अँबॅसिडरने स्वतःस मॉरिस म्हणवून घेतले नाही आणि अलिबागच्या गाडीनेही लोटसचे नाव आपल्या कपाळी लाविले नाही; तिने आपल्या रानातील हरणाचे नाव घेतले. आमच्या आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. दुसऱ्याचे रूप कृतज्ञतेने घ्यावे, परंतु नाव आपले लावावे. प्रतिकृतीस प्रतिकृती म्हणून सांगितले, की ती विद्या होते. अस्सल म्हणून विकली, की तीच लबाडी होते.

उरलेले अर्धे उत्तर आम्हास एका वेल्डिंगच्या दुकानात मिळाले. आमच्याबरोबर कांही विद्यार्थी होते. कारागिराने नळ्यांचे दोन जोड त्यांच्यापुढे ठेविले व चांगला कोणता ते ओळखावयास सांगितले. मुलांनी एकमुखाने घासून गुळगुळीत केलेला, चकचकीत रंगाचा जोड निवडला. कारागिराने दोन्ही जोड शेगड्यात धरून त्यांवर घण घातला. ओबडधोबड जोड वाकला, पण सुटला नाही. चकचकीत जोड पहिल्याच घावास मोकळा झाला. आत धातू एकमेकांत वितळून मिसळलाच नव्हता, वर नुसती साय धरली होती. एक मुलगा म्हणाला, ‘‘पण काका, रंग दिल्यावर हे कोणाला कळणार?’’ कारागीर म्हणाला, ‘‘बाळा, रस्त्याला कळतं.’’

या एका वाक्यात कायद्याचे सारे मर्म आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेहून नोंदणीतील तपशील निराळे होतील असा फेरबदल मालकास मनमानीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. नवीन वाहन बनविणाऱ्यास त्याचा नमुना पुण्याची ए. आर. ए. आय. किंवा अहिल्यानगरची व्ही. आर. डी. ई. अशा मान्य संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो.

हे नियम हौशी मनुष्यास जाचक वाटतात. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातील भाग जमवून सुमारे ६०,००० रुपयांत जीपच्या आकाराची एक चिमुकली गाडी बनविली. ती दुचाकीप्रमाणे लाथ मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची कीर्ती सर्वत्र पसरली, तेव्हा उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. परंतु ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी तिला आज ना उद्या अडवतील, असेही स्पष्ट सांगितले व तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबास मिळाली. येथे एक स्मरण करून देणे उचित होईल. ज्या महिंद्र कंपनीने हा गौरव केला, तिनेही स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईत परदेशातून आलेले विलिस जीपचे सुटे भाग जोडूनच मोटारधंद्यात पाऊल टाकले होते. गिरविल्यावाचून अक्षर वळत नाही, हे कारखान्यांसही लागू आहे.

तर मग पालकांनी मुलाच्या हातून पाना काढून घ्यावा काय? आमच्या मते तसे करू नये. मुलांस जुने यंत्र सुटे करू द्यावे. प्रत्येक भागास चिठ्ठी बांधून, उलट क्रमाने ते पुन्हा जोडू द्यावे. सांगाड्याचा छोटा नमुना काड्यांचा, मग तारेचा करू द्यावा. वेल्डिंग व राळकाम मात्र जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. आणि घरी घडविलेले वाहन तपासणी व नोंदणी झाल्यावाचून हमरस्त्यावर नेण्याचा हट्ट मुलांनी धरू नये, पालकांनी पुरवू नये. आपल्या ब्रेकवर केवळ आपला जीव अवलंबून नसतो. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या लेकराचाही असतो.

प्रभु येशूने दोन घरांचा दृष्टांत सांगितला आहे. एक खडकावर बांधलेले, दुसरे वाळूवर. उन्हाळ्यात रस्त्याने जाणाऱ्यास दोन्ही घरे सारखीच दिसली असतील. पाऊस आला व पूर लोटला, तेव्हा पायाची परीक्षा झाली. मोटारीचे असेच आहे आणि विद्येचेही असेच आहे. विद्यार्थी मित्रहो, थोरांचे अवश्य गिरवा. त्यात कमीपणा नाही. परंतु गिरविलेल्यावर आपले खरे नाव लिहा, आणि जो जोड रंगाखाली झाकला जाणार, तोच सर्वांत निगुतीने करा.